चंद्रमौळींची दोन झाडं

माझ्या नणंदेला पाहायला जो माणूस आला, त्याने तिला स्वयंपाक विचारला नाही, शिवण विचारलं नाही, गाणं म्हणून दाखवायलाही सांगितलं नाही. चहाची कपबशी खाली ठेवली आणि म्हणाला, "लिंबू लावूं की डाळिंब?"

मी दारात पोह्यांच्या बशा घेऊन उभी होते. हसू आवरेना, म्हणून तशीच मागे फिरले आणि स्वयंपाकघरात जाऊन तोंडाला पदर लावला. माहेरी आणि सासरी मिळून पाहण्याचे पुष्कळ कार्यक्रम मी पाहिले होते. पगार फुगवून सांगणारा मुलगा पाहिला होता, मुलीला चालून दाखवायला लावणारी आत्या पाहिली होती. झाडाची चौकशी करणारा नवरा मुलगा हा पहिलाच.

त्यांचं नाव चंद्रमौळी. आता घरचे जावई म्हणून मी त्यांना अहो-जाहो करते, त्या दिवशी मनातल्या मनात 'हा'च म्हणत होते. तंजावरचे मराठी देशस्थ. पूर्वज कधी काळी राजांच्या मागोमाग दक्षिणेत गेले आणि तिथलेच झाले. चंद्रमौळी मद्रास बंदराजवळच्या एका कचेरीत कारकून होते. मद्रासच्याच तिरुवल्लिकेणी भागात ज्यांना मॅन्शन म्हणतात, म्हणजे नुसत्या एकट्या पुरुषांनी खच्चून भरलेल्या तीन मजली इमारती, त्यांतल्या एकीत खोली घेऊन ते राहायचे. वय अडतीस. धाकट्या भावंडांची शिक्षणं आणि लग्नं उरकता उरकता स्वतःचं राहून गेलेलं.

आम्ही मिरजेकडचे. यजमान विमा कंपनीत, त्यांची बदली झाली आणि सत्तावन्न साली आम्ही तिरुवल्लिकेणीतल्या एका गल्लीत वरच्या मजल्यावर बिऱ्हाड केलं. आम्ही दोघं, माझे सासरे गुंडोपंत आणि नणंद सरोज. गुंडोपंत शाळामास्तर होते, नुकतेच निवृत्त झालेले. सरोज तिशीला आलेली. सासूबाई अर्धांगवायूने आठ वर्षं अंथरुणावर होत्या आणि त्यांचं सगळं सरोजने केलं. त्या गेल्या तेव्हा लोक म्हणाले, आता हिचं बघा. पण बघायचं कुठे आणि कोणाला, हे कोणी सांगेना. मद्रासला आल्यावर तर गुंडोपंतांनी आशाच सोडली होती.

तेवढ्यात एका मठात मराठी कीर्तन आहे असं कळलं आणि गुंडोपंत गेले. पाहतात तो झांज धरलेला एक काळासावळा, उंच माणूस साकी-दिंडी-ओवी तोंडपाठ म्हणतोय. गुंडोपंत घरी येऊन म्हणाले, "भाषा ऐकलीत तर हसाल, पण पाठांतर आपल्या लेकापेक्षा बरं आहे." मी त्याच वेळी ओळखलं, स्वारी जावई शोधून आली.

तर असे ते चंद्रमौळी, आईला घेऊन, पुढच्या वर्षी कार्तिकातल्या एका रविवारी आमच्याकडे आले. आई अलमेलूबाई लांबून तंजावरहून त्यासाठीच आल्या होत्या. ठेंगण्या, चुणचुणीत, सगळ्या घरावरून एकदा नजर फिरवून घेणाऱ्या. मुलाच्या प्रश्नावर त्यांनी कपाळाला हात लावला.

"ह्याला झाडांचं पिसं आहे," त्या सरोजला म्हणाल्या. "तूं मनावर घेऊं नको, कण्णा." कण्णा म्हणजे लाडाने बाळ.

चंद्रमौळींनी मात्र नीट समजावून सांगितलं. अंबत्तूरला त्यांनी जागा घेतली होती. तेव्हा अंबत्तूर म्हणजे आगगाडीने जायचं खेडं, भातशेतं आणि तळी. दोन खोल्यांचं घर उभं राहत होतं, मागे विहीर होती आणि विहिरीच्या शेजारी एका झाडापुरती जागा. झाडं मात्र त्यांच्याकडे दोन होती, मॅन्शनच्या गच्चीवर घासलेटच्या डब्यांत वाढवलेली.

"लिंबाला काटे," ते म्हणाले. "वर्षानुवर्षं नुसतं पान देतंय. सुरवंट येऊन तें पानही खाऊन जातात. पाणी खारं असलं तर रुसतं. पण एकदा लागलं म्हणजे घरात कधी कमी नाही. डाळिंबाचं तसं नाही. तें भोळं आहे, कसलंही पाणी पितं, लौकर फुलतं. काय तें लाल फूल! पण इथल्या दमट हवेत फळ धड होत नाही. दाणा फिका पडतो, साल फुटते, राहिलेलं खार खाते."

मी पोह्यांच्या बशा ठेवता ठेवता ऐकत होते. इतर मुलगे आपल्या दोन नोकऱ्यांची तुलना करतात, हा दोन झाडांची करत होता. आणि इतक्या मायेने, की जणू घरी दोन वेगळ्या स्वभावाचे भाऊ आहेत आणि दोघांत डावं-उजवं करायचं त्याच्या जिवावर आलंय.

सरोज खाली मान घालून बसली होती. तिने मान वर केली. "डाळिंब," ती म्हणाली. "मिरजेला आमच्या परसात होतं. आई आजारी असताना मी तिला रोज दाणे सोलून द्यायची."

"इथे फिका होतो दाणा," चंद्रमौळींनी पुन्हा सांगितलं. फसवणूक नको म्हणून.

"फिका असला तरी चालेल."

ते नुसते तिच्याकडे पाहत राहिले. माझ्यासारखीला तेवढं पुरे होतं. मी मनात मांडवसुद्धा घातला. मुलगी तिशीची, मुलगा अडतिशीचा, दोघांनी दुसऱ्यांसाठी झिजून झालेलं; आता ह्यांचं जमलं नाही तर कोणाचं जमायचं?

आणि निघताना त्यांनी घोळ घातला. घोळ कसला, त्यांच्या दृष्टीने रीतच. अलमेलूबाई जिना उतरू लागल्या तेव्हा चंद्रमौळी मागे वळले, गुंडोपंतांपुढे वाकले, आणि खिशातून काढलेली एक वस्तू दोन्ही हातांनी त्यांच्या ओंजळीत ठेवली. लिंबू होतं. पिवळं, देठाला एक पान असलेलं आणि वर कुंकू लावलेलं.

इथे मला थोडं मागचं सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला गुंडोपंत वेडे वाटतील. मिरजेला एका अवसेच्या सकाळी आमच्या उंबऱ्यावर असंच लिंबू निघालं होतं, हळदकुंकू माखलेलं. कोणीतरी कोणाचा तरी उतारा टाकला असेल. सासूबाईंनी तो केरसुणीने लोटला. त्याच महिन्यात त्या न्हाणीघरात पडल्या, त्या पुन्हा चालल्या नाहीत. डॉक्टर रक्तदाब म्हणाले, पण गुंडोपंतांच्या मनात ते लिंबू जे रुतलं ते रुतलंच. आयुष्यभर पोरांना गणित शिकवलेला हा माणूस त्यानंतर अख्ख्या लिंबाला हात लावत नसे. मी बाजारातून आणलेलं लिंबू त्यांच्या नजरेआड चिरायची आणि फोडी तेवढ्या पानात वाढायची.

चंद्रमौळी जिन्याने उतरून गेले. गुंडोपंत ओंजळ तशीच पुढे धरून उभे. चेहरा पांढराफटक. मग त्यांनी ते लिंबू जमिनीवर सोडलं, माझ्याकडून चिमटा मागून घेतला, त्या चिमट्याने उचललं, वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि खाली उतरून गल्लीच्या टोकाला तीन रस्ते मिळतात तिथे ठेवून आले. येऊन आंघोळ केली. मग म्हणाले, "त्या घरी मुलगी द्यायची नाही."

यजमानांनी समजूत घातली. मी तर भांडलेच. मी म्हटलं, "अहो, वाईट करायचं असतं तर माणूस वाकून, दोन्ही हातांनी देईल का?" ते म्हणाले, "मुलीच्या पहिल्या भेटीत कुंकवाचं लिंबू हातात ठेवणाऱ्याच्या मनात काय आहे, हे मी तपासत बसू का? एकदा नाही तपासलं, तर काय झालं ते पाहिलंय मी." मला राग येत होता आणि दयाही येत होती.

सरोज एकदाच बोलली. "बाबा, आई लिंबाने गेली नाही."

दुसऱ्या दिवशी यजमानांनी मॅन्शनवर जाऊन "योग दिसत नाही" असं सांगितलं. चंद्रमौळी म्हणाले, "सरी." म्हणजे बरं. त्यांनी कारण विचारलं नाही, यजमानांना हॉटेलात नेऊन कॉफी पाजली आणि गल्लीपर्यंत सोडायला आले. यजमान घरी येऊन मला म्हणाले, "त्याने भांडण केलं असतं तर बरं झालं असतं."

त्यानंतरचे घरातले दिवस मला अजून आठवले की नको वाटतं. सरोज सगळं करत होती, पण भाजी निवडताना हात मध्येच थांबायचे. एकदा मला म्हणाली, "वहिनी, अंबत्तूर कुठल्या बाजूला गं?" मला तरी कुठे ठाऊक होतं. मी आपला खिडकीतून हात केला. तिने तिकडे पाहिलं आणि पुन्हा शेंगा मोडायला लागली. मला तिथल्या तिथे रडू आलं. माझी नणंद होती ती, पण नणंदेसारखी कधी वागली नाही.

असे ख्रिस्ती नववर्षापर्यंतचे दिवस गेले. एक जानेवारीच्या सकाळी मी पोळ्या लाटत होते, तो जिन्यावर खूप पावलं वाजली. यजमान नुकतेच शाखेचे साहेब झाले होते, आणि त्यांच्या कचेरीतली मंडळी कामावर जायच्या आधी शुभेच्छा द्यायला आली होती. पांढरी वेष्टी म्हणजे तिकडची लुंगीसारखी धोतरं, कपाळाला गंध, सगळी हसतमुख. पुढे आले ते पिकल्या केसांचे हेडक्लार्क. त्यांनी यजमानांना नमस्कार केला, आणि दोन्ही हातांनी त्यांच्या ओंजळीत लिंबू ठेवलं. मग साहेबांचे वडील म्हणून आरामखुर्चीतल्या गुंडोपंतांपुढे वाकले, आणि तिथेही लिंबू पुढे केलं.

गुंडोपंत ताडकन उठले. हात पाठीमागे. मागे सरकत भिंतीला टेकले. बिचारे हेडक्लार्क लिंबू पुढे धरून तसेच वाकलेले. मागे ओळीने उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या हातात एकेक लिंबू. तो देखावा आठवला की आज हसू येतं, तेव्हा मला घाम फुटला होता.

हेडक्लार्कांचा चेहरा पडला. आपल्या हातून काय चुकलं हे त्यांना समजेना. तेव्हा सरोज आतून आली. तिने दोन्ही हात पुढे करून ते लिंबू घेतलं, नमस्कार केला, मग पुढच्याचं घेतलं, मग त्याच्या पुढच्याचं. सगळी लिंबं पदरात घेऊन ती उभी राहिली. मंडळी कॉफी पिऊन गेली.

यजमान म्हणाले, "बाबा, मलाही आजच कळलं. इथली रीत आहे ही. मोठ्या माणसाकडे रिकाम्या हाताने जायचं नाही, लिंबू द्यायचं. मानाचं असतं ते. आणि देवीच्या देवळात तर प्रसादच लिंबाचा देतात, कुंकू लावून."

सरोजने पदरातली लिंबं त्यांच्यासमोर ताटात ओतली.

"बाबा, त्या म्हाताऱ्यांचं तोंड कसं झालं ते पाहिलंत?" ती म्हणाली. "त्या दिवशी तुम्ही चंद्रमौळींच्या तोंडाकडे पाहिलंच नव्हतं. मी पाहिलं होतं. कोणी आपलं सगळ्यांत चांगलं देऊन टाकावं, तसं ते तोंड होतं."

एवढं बोलून ती आत गेली. मी पोळी करपवली ती त्याच वेळी.

गुंडोपंत दुपारभर त्या ताटासमोर बसून होते. जेवले नाहीत. मधूनच हात पुढे करायचे आणि मागे घ्यायचे. पाच वाजता मी चहा घेऊन गेले तर त्यांच्या हातात लिंबू होतं. अख्खं. मला म्हणाले, "सूनबाई, चप्पल घाला. मला एकट्याला जायचा धीर नाही."

आता मॅन्शनमध्ये बाईमाणूस म्हणजे काय, हे तिथे राहिलेल्यांनाच विचारावं. मी जिना चढू लागले आणि वरपासून खालपर्यंत धावपळ उडाली. कोणी पंचा सावरत खोलीत पळाला, कोणी अर्ध्या दाढीच्या साबणासकट दार लावून घेतलं. एकजण वाळत घातलेल्या वेष्टीमागे उभा राहिला आणि आम्ही वर जाईपर्यंत हलला नाही. मला पुढे कित्येक दिवस आठवून हसू येत होतं, पण त्या वेळी गुंडोपंतांचा हात माझ्या खांद्यावर होता आणि तो जड लागत होता.

चंद्रमौळी गच्चीवर होते. कचेरीतून येऊन झाडांना पाणी घालत होते. आम्हाला पाहून त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि काय करावं हे न सुचून अंगातल्या बनियनकडे पाहिलं. गच्चीच्या कोपऱ्यात दोन डबे शेजारी शेजारी होते. एकात डाळिंब, त्याला अवेळी आलेलं एकुलतं लाल फूल. दुसऱ्यात लिंबू, माझ्या खांद्याइतकं, हिरवंगार, काटेरी. त्यावर फळ एकही नव्हतं.

"चंद्रमौळी," गुंडोपंत उभ्याउभ्याच म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही मला लिंबू दिलंत."

"होय. पहिलं होत्तं."

"पहिलं म्हणजे?"

"झाडाचं. इतकी वर्षं नुसतं पान देत होत्तं. यंदा फूल धरलं आणि एकच राहिलं. अम्मन देवीच्या पायाशी ठेवून आणलों, म्हणून कुंकू होत्तं." मग म्हणाले, "पहिलं फळ मोठ्यांना द्यावं म्हणून अम्मा म्हणाली. माझे वडील नाहीत. तुम्हांला दिलों."

गुंडोपंत कपडे धुण्याच्या दगडावर बसले. मग म्हणाले, "मी ते ठेवलं नाही. मी ते—"

"ठाऊक आहे," चंद्रमौळी म्हणाले. "अम्माला बसवर चढवून परत येत होत्तों. तिठ्यावर कागद सुटून दिसलं. एका अंगाला काट्यानं खरचटलेलं होत्तं. ओळखलों."

म्हणजे हा माणूस पहिल्या दिवसापासून जाणत होता. यजमानांना कॉफी पाजली तेव्हाही.

"राग आला नाही?" गुंडोपंतांनी विचारलं.

"आला. पुष्कळ आला. त्या झाडाला पाणी घालावंसं वाटेना. मग म्हटलं, झाडानं काय केलंय, पावम, बिचाऱ्यानं." चंद्रमौळी लिंबाच्या डब्यामागे वाकले आणि एक करवंटी उचलून घेऊन आले. तिच्यात ओल्या मातीतून बोटभर उंचीची रोपं वर आली होती, चकचकीत, दोन-दोन पानांची. "टाकवेना. उचलून आणलों आणि पेरलों. तें हें."

"तिठ्यावरचं? कुंकू लावलेलं उचललंत?"

"माझंच नव्हे?"

गुंडोपंतांनी ती करवंटी हातात घेतली आणि रडले. मी त्यांना सासूबाई गेल्या तेव्हाही असं रडताना पाहिलं नव्हतं. त्यांनी मिरजेच्या उंबऱ्याची सगळी हकीकत सांगितली, अडखळत, पुन्हा पुन्हा. चंद्रमौळी जमिनीवर मांडी घालून ऐकत होते. ऐकून झाल्यावर म्हणाले, "तुमच्या जागी मी असतों तर मीही भ्यालों असतों."

गुंडोपंतांनी खिशातलं लिंबू काढलं, सकाळच्या ताटातलं. पाहिलं आणि परत खिशात ठेवलं. "हे दुसऱ्याने दिलेलं," ते म्हणाले. "हे तुम्हाला कसं देऊ? मी तुमचं एक लिंबू देणं लागतो, चंद्रमौळी. ते राहू दे माझ्याकडे. पण मुलगी नेणार असाल तर—"

"डाळिंबाचा खड्डा खणून ठेवलाय," चंद्रमौळी म्हणाले. इतकं भरभर की त्यांचं त्यांनाच हसू आलं. "तेव्हांच खणलों. नको म्हणून सांगितलं तरी बुजवलों नाही."

घरी आलो तर सरोज दिवा लावत होती. मी काही सांगायच्या आधीच तिने आमच्या तोंडाकडे पाहिलं, आणि काडी बोटापर्यंत जळत आली तरी तिला कळलं नाही.

लग्न वैशाखात झालं. त्यानंतर जो वाद झाला, तो मी पाहिलेल्या वादांत सगळ्यांत मजेशीर. खड्डा एकच. गुंडोपंतांचा हट्ट, की तिठ्यावरच्या लिंबाचं रोपच तिथे लागलं पाहिजे. चंद्रमौळींचा हट्ट, की सरोजने डाळिंब सांगितलंय. सासरा लिंबाच्या बाजूने आणि जावई डाळिंबाच्या! अलमेलूबाई कायमच्या अंबत्तूरला राहायला आल्या होत्या. दोघांना ऐकवून ऐकवून त्या कंटाळल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही दोघं खड्ड्यांत बसा, झाडं बाहेर राहूं देत."

शेवट सरोजने केला. तिने विहिरीचं पाणी ओंजळीत घेऊन चाखलं. "गोड आहे," ती म्हणाली. "डाळिंबाला कसलंही पाणी चालतं, तुम्हीच सांगितलं होतं. लिंबू रुसतं. मग गोड पाण्याची जागा रुसणाऱ्याला द्यावी. डाळिंब दारात डब्यात राहील. मला त्याचं फूल बघायचंय, आणि फिके दाणे मी खाईन."

तसं झालं. गच्चीवरचं जुनं लिंबू मॅन्शनमधल्या मंडळींकडेच राहिलं. डाळिंब दाराशी मोठ्या डब्यात वाढलं, दर वर्षी लालभडक फुललं आणि लिंबाएवढी फळं धरली. बहुतेक खारींनी खाल्ली. उरलेली सरोज सोलायची आणि फार गोड आहेत म्हणून आम्हा सगळ्यांना दाणे वाटायची. मी खाल्लेत. गोड बिड काही नव्हते. पण तिच्या तोंडाकडे पाहून कोणी तसं बोलायचं नाही.

विहिरीकडचं रोप मात्र नुसतंच वाढत राहिलं. वर्षं गेली. सरोजला तिथे सगळे सरोजा म्हणू लागले, तिच्या बोलण्यात "नव्हे?" आणि "सरी" आलं, चंद्रमौळींच्या बोलण्यात मिरजेच्या शिव्या आल्या, त्या गुंडोपंतांनी शिकवल्या. भातशेतांच्या जागी कारखान्यांची वसाहत उठायला लागली, भोंगे वाजायला लागले. गुंडोपंत दर रविवारी आगगाडीने अंबत्तूरला जायचे. जावयाकडे जातो म्हणायचे, पण जाऊन आधी विहिरीकडे वळायचे. पानावरचे सुरवंट वेचायचे, आळं करायचे, आणि परत येऊन म्हणायचे, "नाही अजून." मग त्यांना मोतीबिंदू झाला, गुडघे गेले. रविवार चुकायला लागले. मला धास्ती वाटायची, की हे देणं ह्यांच्या हातून फिटणार की नाही. त्यांनाही तीच वाटत असणार. एकदा मला म्हणाले, "सूनबाई, मी नसलो तर तुम्ही द्या. पण दोन्ही हातांनी."

पासष्ट सालच्या जानेवारीत, संक्रांतीच्या सुमाराला, सरोजचा निरोप आला, बाबांना घेऊन या. आम्ही त्यांना टॅक्सीत घालून नेलं. चंद्रमौळी त्यांना हाताला धरून विहिरीपाशी घेऊन गेले. झाड आता पुरुषभर उंच झालं होतं. फांद्यांत, काट्यांच्या आड, एक लिंबू पिवळं झालं होतं. बाकीची अजून हिरवी होती.

गुंडोपंतांना नीट दिसत नव्हतं. त्यांनी चाचपत हात घातला, काटा लागला, रक्त आलं, पण हात मागे घेतला नाही. देठासकट, पानासकट ते लिंबू तोडलं. सरोज कुंकवाची कोयरी घेऊन आली. तिला कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी स्वतः बोट बुडवून लिंबाला कुंकू लावलं. मग तो सत्तरीकडे झुकलेला माणूस जावयापुढे वाकला आणि दोन्ही हातांनी ते लिंबू त्यांच्या ओंजळीत ठेवलं.

चंद्रमौळी घाईघाईने त्यांना उठवायला लागले. सासऱ्याला तिकडे मामा म्हणतात. "मामा, तुम्ही वाकायचं नाही, मामा."

"वाकू दे," गुंडोपंत म्हणाले. "सहा वर्षं लागली. आता तुम्ही ते नेऊन तिठ्यावर टाकलंत तरी माझी तक्रार नाही."

चंद्रमौळींनी लिंबाकडे पाहिलं, मग झाडाकडे. डोळे भरले होते, पण त्यांनी ते लपवले नाहीत.

"टाकूं या, मामा," ते म्हणाले. "मागचं टाकलेलं बरं उगवलं."

सरोज हसली, मग गुंडोपंत हसले, आणि अलमेलूबाई आतून ओरडल्या, की कॉफी गार होतेय.